‘मंद’ म्हटलं, ‘बंद’ ऐकलं: आवाजी आज्ञा समजून घेण्याच्या कामाच्या नोंदी

घरातले दिवे, पंखा, रेडिओ, गजर आणि औषधांची आठवण, एवढं सगळं मराठीत बोलून चालावं म्हणून गेले अडीच महिने केलेल्या कामाच्या या नोंदी. वापरणारी मुख्यतः माझी आत्या. तिच्या बोटांचे सांधे आखडलेत, बटणं दाबताना दुखतं. असंच काही करायला घेतलेल्यांचे माझ्याइतके दिवस वाया जाऊ नयेत, म्हणून चुकांसकट सगळं लिहिते आहे.

१२ जानेवारी

मांडणी साधी आहे. एक मायक्रोफोन, एक जुना लॅपटॉप, त्यावर मोफत मिळणारं एक बहुभाषिक एएसआर मॉडेल, म्हणजे ऐकलेलं बोलणं मजकुरात लिहून देणारं. कॉमन व्हॉइस या लोकांनी दिलेल्या आवाजांच्या मोफत संचातल्या मराठी रेकॉर्डिंगवर मी ते आणखी थोडं शिकवलं. त्याने लिहून दिलेल्या वाक्यातून हेतू आणि तपशील काढायला दुसरं मॉडेल. हेतू म्हणजे काय करायचं आहे, तपशील म्हणजे कुठला दिवा, किती वाजता, कुठलं औषध. या दुसऱ्या कामासाठी म्युरिल हे भारतीय भाषांचं मॉडेल घेतलं. ते १७ भाषांवर शिकलेलं आहे आणि त्यात मराठी आहे.

तयार डेटा शोधण्यात अख्खा दिवस गेला. २०२२ साली आलेल्या मॅसिव्ह या आज्ञांच्या वाक्यांच्या संचात ५१ भाषा आहेत. हिंदी, कन्नड, तेलुगू आहेत, मराठी नाही. शेवटी १४ हेतूंसाठी ९०० वाक्यं स्वतःच टाइप केली. त्यातली १०० बाजूला ठेवून तपासलं तर ९८ बरोबर. मला वाटलं, अवघड भाग संपला.

१५ जानेवारी

खोलीतली पहिली चाचणी. आत्या खुर्चीत, मायक्रोफोन साधारण तीन मीटरवर. तिने ६० आज्ञा दिल्या, त्यातल्या ४१ पार पडल्या. मूळ आवाज पूर्ण जपून ठेवला आहे, कापछाट न करता.

चुकलेल्या १९ एकेक करून ऐकल्या. ५ ठिकाणी एएसआरने लिहिलेलं वाक्य पूर्णच भलतं होतं. उरलेल्या १४ मध्ये एकच शब्द बिघडला होता, आणि तेवढ्याने सगळं काम बिघडलं. ‘गजर लाव’चं ‘गाजर लाव’ झालं. ‘पंखा’चा ‘पंका’ झाला. ‘दिवा लावू नको’ मधलं ‘नको’ आलंच नाही आणि दिवा लागला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आत्या म्हणाली ‘दिवा मंद कर’ आणि खोलीत मिट्ट काळोख झाला.

“अगं, मी मंद म्हटलं, बंद नाही,” ती अंधारातून म्हणाली. तिला उठून बटणापर्यंत जावं लागलं. हे काम ज्या कारणासाठी सुरू केलं, त्याच्या नेमकं उलट घडलं.

उलट बाजूनेही बघितलं. ज्या ४१ आज्ञा पार पडल्या त्यातल्या ११ मध्येही एएसआरच्या चुका होत्या. ‘जरा’, ‘गं’, ‘ना’ असले शब्द गळले होते आणि त्याने काहीच बिघडलं नव्हतं. म्हणजे चुका किती यापेक्षा चूक कुठल्या शब्दात, हे महत्त्वाचं.

१६ ते २० जानेवारी

हे पाच दिवस फुकट गेले. कारण लिहून ठेवते.

एएसआरची चूक मोजायची नेहमीची रीत म्हणजे डब्ल्यूईआर, शब्दचुकांचं प्रमाण. बदललेले, गळलेले आणि जास्तीचे शब्द मोजायचे आणि मूळ वाक्यातल्या शब्दसंख्येने भागायचं. मोजण्याआधी दोन्ही वाक्यं साफ करतात, विरामचिन्हं काढतात. त्यासाठी मी एक प्रचलित तयार सोय वापरली. आकडे विचित्र येत होते. मायक्रोफोन जवळ घेतला, लांब ठेवला, तरी चुकांचं प्रमाण पटण्यासारखं बदलत नव्हतं. मी मायक्रोफोनची जागा बदलत बसले, एएसआरच्या सेटिंग बदलत बसले.

पाचव्या दिवशी साफ झालेला मजकूर डोळ्यांनी वाचला, तेव्हा कळलं. ती सोय युनिकोडमधली (संगणकात सगळ्या लिप्यांची चिन्हं ज्या पद्धतीने साठवतात ती) ‘मार्क’ या वर्गातली सगळी चिन्हं काढून तिथे रिकामी जागा सोडत होती. आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, हलन्त, सगळे याच वर्गात येतात. ‘दिवा’चं झालं ‘द व’. ‘देव’चंही ‘द व’. ‘मंद’चं ‘म द’ आणि ‘बंद’चं ‘ब द’, म्हणजे आत्याला अंधारात बसवणारी चूक इथे अर्धी बरोबर धरली जात होती.

देवनागरीत काम करणाऱ्याने पहिल्याच दिवशी साफ केलेला मजकूर वाचून बघावा. मी आता स्वतःची सोय लिहिली आहे. ती फक्त विरामचिन्हं काढते, एकरूप युनिकोड करते, आणि दोन गोष्टी हाताने सांभाळते. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणूनही लिहितात आणि अ वर चंद्र देऊनही. दिसायला सारखं, पण संगणकाला वेगळं, आणि युनिकोडचं नेहमीचं एकरूपीकरण त्यांना एक करत नाही. ‘ऱ्य’ मधल्या अर्ध्या र चंही तसंच, दोन पद्धती आहेत.

२३ जानेवारी

डब्ल्यूईआरवरच विसंबून चालणार नाही, हे वहीत लिहून पक्कं केलं. ‘जरा दिवा मंद कर ना’ या पाच शब्दांतून ‘जरा’ आणि ‘ना’ गळले तर चूक ४० टक्के, काम मात्र बरोबर. फक्त ‘मंद’चा ‘बंद’ झाला तर चूक २० टक्के आणि काम चुकीचं. आता मुख्य आकडा एकच ठेवणार: १०० पैकी किती वेळा योग्य कृती झाली. त्याच्या शेजारी दुसरा, किती वेळा चुकीची कृती झाली. ‘कळलं नाही’ म्हणणं आणि भलतंच करणं, या दोन गोष्टी एका डब्यात टाकायच्या नाहीत.

या क्षेत्रातले छापील आकडे वाचून मी आधी हुरळून गेले होते. एटिस हा विमानप्रवासाच्या चौकशांचा संच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, त्यात चाचणीची ८९३ वाक्यं. त्यावरचे कितीतरी निकाल माणसाने ऐकून लिहिलेल्या शुद्ध वाक्यांवरचे आहेत. माझे ९८ तसेच होते.

२७ जानेवारी

पहिला उपाय, आणि तो फसला. ट्रेनिंगच्या वाक्यांत मुद्दाम खोडसाळ बदल केले: कुठलंही अक्षर गाळ, कुठलेही दोन अदलाबदल कर. विचार असा की अशा वाक्यांची सवय झाली की मॉडेल चुका सोसेल.

शुद्ध वाक्यांवर ९८ चे ९४ झाले आणि खोलीतल्या आवाजावर तसूभर फरक पडला नाही. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले. माझे बदल मात्रा तुटलेले, उच्चारता न येणारे शब्द बनवत होते. एएसआर तसं लिहीत नाही. त्याला भाषेची सवय असते, म्हणून ते चुकतानाही बहुतेक वेळा खरा शब्द लिहितं. ‘गजर’चं ‘गाजर’ करतं, ‘गजब’ करतं, ‘ग्जर’ करत नाही. मी टायपिंगच्या चुकांची तालीम देत होते आणि परीक्षा ऐकण्याच्या चुकांची होती.

२ फेब्रुवारी

दुसरा उपाय: ९०० वाक्यं संगणकाच्या आवाजात बोलून घ्यायची, तीच रेकॉर्डिंग एएसआरला ऐकवायची, आणि ते जे लिहील त्याला मूळ वाक्याचा हेतू चिकटवून ट्रेनिंग द्यायचं. तीन आवाज वापरले. लॅपटॉपला दोन रात्री लागल्या.

पहिल्या फेरीत चुका जवळजवळ नव्हत्याच. संगणकाचा आवाज फार स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. मग त्यात मुसान या मोफत संचातला गोंगाट मिसळला. त्यात संगीत, बोलणं आणि इतर आवाज मिळून सुमारे १०९ तास आहेत. शिवाय रिकाम्या खोलीत टाळी वाजवून तिचा घुमारा टिपला आणि तोही चढवला. मग चुका खऱ्या वाटायला लागल्या. जुन्या आवाजांवर फायदाही दिसला. पण शब्दांच्या शेवटी बारीक होत जाणारा माणसाचा आवाज या रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, आणि आमचे ‘नको’ तिथेच हरवतात.

९ फेब्रुवारी

खरी माणसं. सहा जणांनी संमती देऊन प्रत्येकी ४० वाक्यं बोलून दिली. तीन संध्याकाळी लागल्या. मी वाक्य वाचायला दिलं नाही, प्रसंग सांगितला: “झोपायचं आहे, उजेड थोडा हवा आहे, काय म्हणाल?” वाचलेलं वाक्य आणि मनातून बोललेलं वाक्य यांचा आवाज वेगळाच असतो. कुणी ‘दिवा बारीक कर’ म्हणालं, कुणी ‘उजेड कमी कर की जरा’. ९०० वाक्यं लिहिताना ‘बारीक’ मला एकदाही सुचलं नव्हतं.

निकाल आला १०० ला ९६. दुसऱ्या दिवशी चूक सापडली. मी २४० वाक्यं सरमिसळ करून वाटली होती, त्यामुळे प्रत्येक माणसाची काही वाक्यं ट्रेनिंगमध्ये आणि काही चाचणीत होती. मॉडेल माणसांच्या लकबी ओळखत होतं. चार माणसं शिकायला आणि दोन पूर्णपणे चाचणीला अशी वाटणी केली तेव्हा ९६ चे ८८ झाले. ८८ हा खरा आकडा.

मधला मजकूर टाळून आवाजावरून थेट हेतू काढायचा मार्गही आहे. २०१९ मध्ये आलेल्या फ्लुएंट स्पीच कमांड्स या इंग्रजी संचावर लोकांनी तो दाखवला. पण त्यात ९७ बोलणाऱ्यांची ३०,०४३ वाक्यं आहेत. माझ्याकडे सहा जणांची २४०. तो विषय तिथेच सोडला.

१५ ते १९ फेब्रुवारी

या पाच दिवसांत जे कळलं त्याने पुढचं सगळं काम बदललं, म्हणून सविस्तर.

शिकायच्या चार जणांच्या वाक्यांतून एक तक्ता काढला: माणसाने कुठला शब्द म्हटला आणि एएसआरने त्याचं काय लिहिलं. जुळवणी लेव्हेनश्टाइनच्या अंतराने केली (एकाचं दुसरं करायला कमीत कमी किती जागी बदलावं, घालावं किंवा काढावं लागतं ते), पण युनिकोडच्या चिन्हांवर नाही तर पूर्ण अक्षरांवर. ‘मंद’ म्हणजे ‘मं’ आणि ‘द’, तीन चिन्हं नव्हे. चिन्हांवर जुळवलं तर एकाची मात्रा दुसऱ्याच्या व्यंजनाला जाऊन चिकटते आणि तक्ता निरर्थक होतो. तक्त्यात अपेक्षित तेच दिसलं. महाप्राण हरवतात (ख चा क), ण आणि न एक होतात, ळ चा ल होतो, म आणि ब ची अदलाबदल, शब्दाच्या सुरुवातीचं स आणि द ची गल्लत.

या तक्त्यावरून ट्रेनिंगची वाक्यं बिघडवली. वाक्यं जास्त मिळावीत म्हणून तक्त्यातली प्रमाणं तिप्पट केली. इथे घोटाळा झाला.

नवीन मॉडेल ‘पंका’, ‘गाजर’ सहज सोसत होतं. पण ‘दिवा बंद कर’ असं मी टाइप केलं, स्वच्छ, एकही चूक नसलेलं, तरी त्याचा विश्वास, म्हणजे उत्तराबद्दल ० ते १ मध्ये किती खात्री, ०.५५. ‘दिवा मंद कर’चंही तसंच. आधी जे ठामपणे कळत होतं तेही आता डळमळीत.

कारण डेटात होतं. ‘दिवा मंद कर’ या वाक्यातलं ‘मंद’ मी बिघडवून ‘बंद’ केलं होतं आणि लेबल मात्र ‘मंद करणं’ असंच ठेवलं होतं. शेकडो वेळा. म्हणजे मी मॉडेलला सांगत होते की ‘दिवा बंद कर’ याचा अर्थ दिवा मंद करणं. ते बिचारं मॉडेल दोन्ही मानायला लागलं.

तेव्हापासून मी बिघाडाचे दोन प्रकार मानते. एक मोडलेला शब्द, दुसरा बदललेला शब्द. ‘पंका’ मोडलेला आहे. या घरात ‘पंका’ नावाची वस्तू नाही, त्यामुळे मूळ शब्द परत मिळतो आणि मॉडेलला तो शिकवता येतो. ‘गाजर’ खरा शब्द असला तरी माझ्या १४ हेतूंत गाजराला जागा नाही, म्हणून तोही मोडलेलाच. ‘मंद’चा ‘बंद’ हा बदललेला. लिहिलेल्या वाक्यात आता मूळ शब्दाचा मागमूसही नाही. कितीही ट्रेनिंग दिलं तरी जी माहिती मजकुरात उरलेलीच नाही ती मॉडेल कुठून आणणार?

नियम केला. वाक्य बिघडवल्यावर ते दुसऱ्या एखाद्या हेतूचं किंवा दुसऱ्या तपशिलाचं वैध वाक्य बनत असेल, तर ट्रेनिंगमधून काढून टाकायचं. प्रमाणं तिप्पट केली होती ती मूळ पातळीवर आणली. चाचणीच्या दोन माणसांवर ८८ चे ९१ झाले आणि स्वच्छ वाक्यांवरचा विश्वास परत आला. बदललेल्या शब्दांसाठी पुरावा मजकुराबाहेरून आणावा लागणार.

२२ फेब्रुवारी

बाहेरचा पहिला पुरावा: एएसआरचे बाकीचे अंदाज. ते एकच वाक्य देतं असं आपण धरतो, पण शोधताना त्याच्याकडे अनेक पर्याय असतात, आणि मागितले तर पहिले पाच-दहा मिळतात.

पहिल्यांदा पाच मागितले आणि निराशा झाली. एकात पूर्णविराम, एकात नाही. एकात ‘दिवा’, एकात ‘दीवा’. साफ केल्यावर पाचाचे दोनच उरत होते, कधी एकच. दहा मागितले, साफ केले, सारखे एकत्र केले, त्यांचे गुण बेरजेत घेतले. मग कामाचे पर्याय दिसले. ‘मंद–बंद’ आणि त्यासारख्या २२ चुकलेल्या रेकॉर्डिंगपैकी १५ मध्ये बरोबर शब्द दहांत कुठे ना कुठे होता.

हे पर्याय मॉडेलला एकामागोमाग जोडून दिले, मध्ये खूण ठेवून. ट्रेनिंगही तसंच द्यावं लागतं. मी पहिल्यांदा एका वाक्यावर शिकलेल्या मॉडेललाच दहा वाक्यं दिली आणि त्याने काहीही उत्तरं दिली. दुरुस्तीत दीड दिवस गेला.

कन्फ्युजन नेटवर्कही करून पाहिलं. प्रत्येक जागी कुठले शब्द किती शक्यतेने, अशी साखळी. कल्पना जुनी आणि चांगली आहे, २००० सालच्या सुमाराची. पण माझं एएसआर पहिल्या अंदाजावर इतकं ठाम असतं की बाकीच्या शब्दांना जवळजवळ शून्य शक्यता मिळते. दोन दिवसांनी सोडून दिलं.

दुसरा पुरावा म्हणजे दिव्याची सध्याची अवस्था. दिवा आधीच मंद असेल तर पुन्हा ‘मंद कर’ कोण म्हणेल? तसा कडक नियम लावला. त्याच रात्री आत्याला उजेड आणखी कमी हवा होता, ती ‘अजून मंद कर’ म्हणाली आणि दिवा गेला. नियम काढला, त्याऐवजी हलकंसं झुकतं माप दिलं. अवस्था हा इशारा आहे, निकाल नव्हे.

२८ फेब्रुवारी

आकडे. मराठीत शंभरापर्यंतचे बहुतेक आकडे स्वतंत्र शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या फार जवळ आहेत. सात आणि साठ. सहा आणि दहा. आठ आणि साठ.

सात-साठ बऱ्याचदा सुटतं. ‘वाजता’ आलं तर साठ अशक्य. ‘मिनिटांनी’ आलं तर दोन्ही शक्य. सहा-दहा मात्र कुठेच सुटत नाही. वाजता दोन्ही, मिनिटांनी दोन्ही.

एक चांगली मदत भाषेनेच केली. आपण ‘साडेएक’ म्हणत नाही, दीड म्हणतो. ‘साडेदोन’ म्हणत नाही, अडीच म्हणतो. त्यामुळे एएसआरने ‘साडेदोन’ लिहिलं की ते नक्की चुकलेलं आहे असं धरून पुढच्या पर्यायाकडे जाता येतं. अशा ठिकाणी बहुतेक वेळा ‘साडेदहा’ निघालं.

एएसआर कधी ‘साडेसात’ लिहितं, कधी ‘साडे सात’, कधी ‘साडे ७’, कधी ‘७:३०’. सगळं एका रूपात आणायला हाताने तक्ता केला. त्यात एक चूक दोन दिवस लपून राहिली. मी शब्दाचा तुकडा शोधत होते, त्यामुळे ‘एकोणसाठ’ मध्ये ‘साठ’ सापडून ५९ चे ६० होत होते. आता पूर्ण शब्दच जुळवते.

५ मार्च

जिथे पुरावा पुरत नाही तिथे विचारायचं. त्यासाठी मॉडेलचा विश्वास खरा हवा. ०.९ म्हणालं तर दहातले नऊ बरोबर हवेत. माझं मॉडेल चुकतानाही ०.९७ म्हणत होतं. टेंपरेचर स्केलिंग लावलं, म्हणजे शेवटचे गुण एका संख्येने भागायचे आणि ती संख्या वेगळ्या डेटावरून ठरवायची. ती मी टाइप केलेल्या स्वच्छ वाक्यांवरून ठरवली आणि काही उपयोग झाला नाही. एएसआरच्या मजकुरावरून ठरवली तेव्हा विश्वास जाग्यावर आला.

मग उंबरठा, म्हणजे विश्वास कितीच्या खाली गेला की विचारायचं. ०.९ ठेवला तर प्रत्येक तिसऱ्या आज्ञेला प्रश्न. “किती वेळा विचारतं गं हे! त्यापेक्षा तूच दिवा लाव,” आत्या म्हणाली, आणि ती बरोबर होती. एकच उंबरठा सगळ्याला लावणं चूक होतं. रेडिओ चुकून लागला तर बंद करता येतो, म्हणून तिथे विचारायचं नाही. दिवा पूर्ण जाणार असेल तर विचारायचं. औषधाच्या वेळेत तर विश्वास कितीही असो, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं.

आणि प्रश्न कसा विचारायचा, याने मला तीन दिवस खाल्ले. पहिला प्रश्न होता, “मंद करू की बंद करू?” उत्तर आलं ‘मंद’, ऐकलं ‘बंद’. ज्या दोन शब्दांत गोंधळ झाला तेच दोन शब्द मी पुन्हा बोलायला लावत होते. आता प्रश्न आहे, “पूर्ण विझवू का?” उत्तर ‘हो’ किंवा ‘नको’. सहा-दहासाठी, “सहा वाजता गजर लावते. चूक असेल तर ‘थांब’ म्हणा.” ‘थांब’ची गल्लत माझ्या तक्त्यात कशाशीच नव्हती, म्हणून तो शब्द निवडला.

‘हो’ मात्र इतका छोटा की बोलणं सुरू झाल्याचं ओळखणारा भाग त्याला खोकला समजून टाकून देत होता. प्रश्नानंतरच्या चार सेकंदांपुरती ती मर्यादा सैल केली.

११ मार्च

हरवलेले ‘नको’. मी इतके दिवस समजत होते की एएसआर तो शब्द गाळतं. मूळ आवाज आणि एएसआरकडे पोहोचलेला तुकडा शेजारी ठेवून ऐकले तर ‘नको’ पोहोचतच नव्हता. ४०० मिलिसेकंद शांतता झाली की वाक्य संपलं असं माझी यंत्रणा मानत होती. आत्या ‘दिवा लावू’ म्हणून श्वास घेते आणि मग ‘नको’ म्हणते.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. शेपूट कापलं की अर्थ उलटतो. शांतता ९०० मिलिसेकंद केली तर ‘नको’ वाचले, पण प्रत्येक आज्ञेला अर्धा सेकंद उशीर व्हायला लागला आणि तो जाणवतो.

तोडगा व्याकरणाने दिला. आज्ञा असते ‘लाव’, नकारात होतं ‘लावू नको’. म्हणजे ‘लावू’, ‘करू’, ‘वाजवू’ वर वाक्य थांबलं तर पुढे काहीतरी यायचं आहे. ४०० मिलिसेकंदांनी मजकूर बघायचा. शेवटचं क्रियापद ऊकारान्त असेल तर आणखी ६०० थांबायचं, आणि तरीही काही आलं नाही तर काहीच न करता विचारायचं. या एका बदलाने जितका फायदा झाला तितका महिनाभराच्या ट्रेनिंगने झाला नव्हता. एएसआरला दोष देण्याआधी त्याच्यापर्यंत काय पोहोचतं ते ऐकायला हवं होतं. १५ जानेवारीलाच.

१८ मार्च

शांत खोलीत एएसआर स्वतःहून वाक्यं रचतं, कधी ‘धन्यवाद’, कधी एकच शब्द दहा वेळा. बोलणं नसेल तर त्याच्याकडे आवाज पाठवायचाच नाही, आणि एक शब्द तीनपेक्षा जास्त वेळा आला तर मजकूर फेकून द्यायचा. अर्ध्या दिवसाचं काम.

२५ मार्च

शेवटची चाचणी. आधी कशातही नसलेले तीन जण, प्रत्येकी ४० आज्ञा. १२० पैकी ९७ न विचारता बरोबर. १४ विचारून बरोबर. ६ वेळा ‘कळलं नाही’. ३ वेळा चुकीची कृती. त्या तिन्हीतल्या दोन सहा-दहाच्या, तिथे गजराचं वाक्य परत म्हटलं गेलं पण माणसाचं लक्ष नव्हतं. तिसऱ्यात ‘नको’ म्हणतानाच दार आपटलं.

२८ मार्च

आत्याच्या रोजच्या वापरात चुका आणखी कमी दिसतात, पण त्या आकड्यावर माझा विश्वास नाही. ती आता ‘मंद’ म्हणतच नाही, ‘उजेड कमी कर’ म्हणते. ‘सहा’ऐवजी ‘सकाळी सहा’ म्हणते. मी सांगितलं नव्हतं. अडीच महिन्यांत तिनेच यंत्राला सांभाळून घ्यायला सुरुवात केली आहे, आणि ते श्रेय मॉडेलच्या खात्यात जायला नको.

म्हणून १५ जानेवारीची तीच ६० रेकॉर्डिंग काढली. ती मी ट्रेनिंगमध्ये, तक्त्यात, उंबरठा ठरवताना, कशातच वापरली नव्हती. मूळ आवाज पूर्ण असल्याने नव्या शांततेच्या नियमातूनही ती पुन्हा नेता आली. तेव्हा ४१ बरोबर होत्या. आज ५२ सरळ बरोबर, ४ ठिकाणी योग्य प्रश्न विचारला, ४ ठिकाणी कळलं नाही, चुकीची कृती एकही नाही. न कळलेल्या चारही त्या दिवशीच्या पूर्ण भलत्या पाचांपैकीच आहेत. तिथे आवाजच इतका क्षीण आहे की मलाही हेडफोन लावून दोनदा ऐकावं लागलं. उद्या दुसरा मायक्रोफोन तिच्या खुर्चीच्या हाताशी बसवते आहे.